बाई, काळजी करू नका

शनिवारची सकाळ. ट्रेकला जायचं म्हणून साडेपाचचा गजर लावून उठलो, कारण काल रात्री बातम्यांच्या शेवटी टीव्हीवरच्या ताईंनी पुणे आणि परिसरात 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं सांगितलं होतं. आत्ता माझ्या खिडकीबाहेर जे काही कोसळतंय त्याला तुरळक म्हणायची माझी तरी हिंमत नाही. ट्रेक रद्द. ग्रुपवर ताईंच्या आणि हवामान खात्याच्या नावाने शिमगा सुरू. 'ते पाऊस म्हणाले की छत्री घरी ठेवायची' हा विनोद सात वाजेपर्यंत तीनदा येऊन गेला. मीही सवयीने एक स्मायली टाकला.

मग चहा घेता घेता मायकेल फिश आठवले आणि त्या स्मायलीची जरा लाज वाटली.

फिशसाहेब बीबीसीवर हवामान सांगायचे. नोकरी ब्रिटनच्या हवामान खात्याची, चेहरा बीबीसीचा. १९७४ ते २००४, म्हणजे तब्बल तीस वर्षं. या काळात त्यांनी हजारो अंदाज सांगितले असतील आणि त्यातले बहुतेक बरोबरच आले असतील. पण लोकांच्या लक्षात राहिला तो एकच, १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारचा. त्या दिवशी ते हसत हसत म्हणाले, की एका बाईंचा फोन आला होता म्हणे, हरिकेन येतंय असं त्यांनी ऐकलंय. तर बाई, बघत असाल तर काळजी करू नका, तसं काही येत नाहीये.

त्याच रात्री आलं.

दक्षिण इंग्लंडमध्ये वाऱ्याचे झोत ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेले. सुमारे दीड कोटी झाडं आडवी झाली. सेव्हनओक्स नावाच्या गावात, ज्याचं नावच सात ओक वृक्षांवरून, सातातले सहा वृक्ष पडले. ब्रिटनमध्ये १८ माणसं गेली. वादळ रात्री आलं, माणसं घरात झोपलेली होती, म्हणून आकडा एवढ्यावर थांबला.

आता गंमत बघा. (अठरा माणसं गेल्यावर गंमत कसली, पण तरी.) तांत्रिकदृष्ट्या फिशसाहेब बरोबर होते! हरिकेन हे उष्ण कटिबंधातलं वादळ, आणि हे तसं नव्हतंच. आपण पलीकडच्या, अमेरिकेकडच्या एका वेगळ्या वादळाबद्दल बोलत होतो, असंही ते नंतर वर्षानुवर्षं सांगत राहिले. त्याच अंदाजात 'वारा खूप असेल' असंही ते म्हणाले होते, फक्त त्याचा जोर फ्रान्स-स्पेनकडे राहील असा हिशेब होता. शिवाय त्या संध्याकाळचा अंदाज सांगितला तो बिल जाइल्स नावाच्या दुसऱ्याच माणसाने. त्याची कुणी आठवण काढत नाही. क्लिप फिरते ती फिशसाहेबांचीच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यातसुद्धा ती दाखवली! पंचवीस वर्षांपूर्वीची आपली चूक अख्ख्या जगासमोर... विचार करून बघा.

मी बघितला. आमच्या धंद्यात असं होत नाही हे आमचं नशीब. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होतं. क्लायंटकडच्या एका बाईंनी कॉलवर विचारलं, "जुन्या डेटाला काही होणार नाही ना?" मी छातीठोकपणे म्हणालो, "डोंट वरी मॅडम." टेस्टिंग झालं होतं, सगळं हिरवं होतं. शनिवारी पहाटे फोन आला. पुढचे दोन दिवस आम्ही चार जण बॅकअपमधून रेकॉर्ड परत आणत बसलो होतो. सोमवारी मी एक ईमेल लिहिली, त्यात 'अनपेक्षित परिस्थिती' हा शब्द दोनदा होता. संपलं! त्या कॉलचं रेकॉर्डिंग कुणी जपून ठेवलं नाही. मॅडमनाही आता आठवत नसेल. फिशसाहेबांना मात्र दुसऱ्या दिवसापासून लोक रस्त्यात गाठून विचारत राहिले असणार.

बरं, ते अंदाज चुकला म्हणजे कुणीतरी झोपलं होतं असंही नाही. वादळाच्या चार-पाच दिवस आधी हवामान खात्याला काहीतरी मोठं येतंय याची चाहूल लागली होती. पण दिवस जवळ येत गेले तशी कॉम्प्युटर मॉडेलं डळमळीत झाली आणि वादळ इंग्लंडच्या दक्षिणेकडून निसटून जाईल असं दाखवू लागली. ताजी माहिती जास्त विश्वासाची असं धरून चालणार ना कुणीही? आपणही तेच केलं असतं.

हे असं का होतं, ते एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ सालीच कळलं होतं. एमआयटीत ते हवामानाचं एक छोटं मॉडेल चालवत होते. एक रन मधूनच पुन्हा सुरू करायची म्हणून त्यांनी आधीच्या प्रिंटआऊटवरचा आकडा टाइप केला, ०.५०६. मशीनच्या पोटात खरा आकडा होता ०.५०६१२७. चहा-कॉफी घेऊन परत येऊन बघतात तर दोन्ही रनच्या हवामानाचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. आमच्याकडे याला राउंडिंग एरर म्हणतात आणि एक बग टाकून मोकळे होतात. लॉरेन्झनी त्यातून ओळखलं, की दूरच्या हवामानाचा एकच एक पक्का अंदाज देणं मुळातच शक्य नाही, कारण आजची हवा आपल्याला कधीच पूर्ण अचूक मोजता येणार नाही.

यावर उपाय काय? एकच रन न करता थोडे थोडे आकडे बदलून पन्नासेक रन करायच्या. इंग्लंडात रेडिंगला जे युरोपीय हवामान केंद्र आहे ते १९९२ पासून हे करत आलंय. १९८७ च्या त्या वादळावरही त्यांनी नंतर हा प्रयोग केला आणि निकाल टपाल तिकिटाएवढ्या छोट्या छोट्या नकाशांत शेजारी शेजारी मांडले. काही नकाशांत भयंकर वादळ, काहींत जवळजवळ काहीच नाही. सुरुवात मात्र सगळ्यांची जवळपास एकच!

आता कल्पना करा, हे पन्नास नकाशे पोटात ठेवून तुम्ही टीव्हीवर उभे आहात. हातात दोन-तीन मिनिटं. मागे बहुतेक वेळा कोरी हिरवी भिंत असते, नकाशा तुम्हाला दिसतो तो बाजूच्या मॉनिटरवर, आणि कोकण नक्की कुठे आहे हे अंदाजाने हात फिरवून दाखवायचं. पुढच्या बातम्यांची वेळ झाली की बोलणं संपलंच पाहिजे. आणि बघणाऱ्याचा प्रश्न एकच: उद्या छत्री नेऊ की नको?

'साठ टक्के शक्यता' म्हटलं तर लोक म्हणतात हा पळवाट काढतोय. 'पडेल' म्हटलं आणि नाही पडला तर खोटारडा. सावधगिरीचा इशारा दिला आणि संकट बाजूने गेलं तरी शिव्याच. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. आदल्या दिवशी सगळी मुंबई श्वास रोखून बसली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. संध्याकाळी मुंबईकरांचे विनोद सुरू झाले, 'आलं कुठे वादळ?' शंभरेक किलोमीटरवर श्रीवर्धन, दिवेआगरच्या लोकांच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झालेल्या होत्या. एका पिढीने लावलेली झाडं, पुढच्या पिढीचं उत्पन्न. त्यांना विचारा आलं का वादळ.

आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, त्याच दिवशी वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम ७३. 'मुंबईत पाऊस' या दोन शब्दांत हे दोन्ही कसं मावायचं?

माझं मत विचाराल तर फिशसाहेबांची चूक अंदाजात नव्हतीच. चूक होती ती 'काळजी करू नका' या तीन शब्दांत. अंदाज हा मॉडेलचा असतो, दिलासा आपण पदरचा घालतो. मीही मॅडमना टेस्टिंगचा निकाल सांगायला हवा होता: नवा डेटा तपासलाय, पाच वर्षांपूर्वीचा नाही. तेवढं ऐकून त्यांनी रिलीज सोमवारवर ढकललं असतं कदाचित. पण 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि समोरच्यालाही ते ऐकायचं नसतं. दिलासा मागणारे आपणच, आणि तो खोटा ठरला की क्लिप फिरवणारेही आपणच.

१६ ऑक्टोबरच्या सकाळी त्या देशाला सगळ्यात जास्त काय हवं होतं? पुढचा अंदाज. तो पुन्हा त्याच खात्याच्या माणसांनी, त्याच पडद्यावर येऊन सांगितला. तोंड लपवायची सोय नाही. माझ्या अनपेक्षित परिस्थितीवाल्या ईमेलपेक्षा हे फारच अवघड काम आहे.

असो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात, हे मला आज शोधल्यावर कळलं. इतकी वर्षं मी त्याचा अर्थ 'थोडासा पाऊस' असा घेत होतो. हे टाइप करत असतानाच निगडीहून मित्राचा फोन आला.

"अरे कुठे आहेस? इकडे कडकडीत ऊन पडलंय, आम्ही कधीचे थांबलोय!"