विश्लेषण : सीलिअॅक असलेल्या मुलांसाठी ग्लुटेनमुक्त पाव… हिंगोलीत उत्तर बेकरीत की गिरणीत?

मधल्या सुट्टीत डबे उघडतात. कुणाकडे पोळी-भाजीचा रोल, कुणाकडे बिस्किटे, कुणाकडे जॅम लावलेला पाव. एका मुलाच्या डब्यात मात्र रोज ज्वारीची भाकरी, तीही दुपारपर्यंत कडक झालेली. डबा तसाच घरी परत येतो आणि आई मोबाइलवर पुन्हा एकदा ‘ग्लुटेन फ्री ब्रेड’ शोधू लागते. सीलिअॅक आजार असलेल्या मुलांच्या घरी हे रोजचेच. पुण्या-मुंबईत हा शोध एखाद्या मोठ्या दुकानाच्या फडताळापाशी संपतो. सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथला तो संपत नाही. पण ज्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच मुख्य अन्न होती, तिथे गव्हाविना जेवण एवढे अवघड का व्हावे?

आजार नेमका काय आहे?

सीलिअॅक म्हणजे ‘गहू पचत नाही’ एवढेच नाही आणि ही साधी अॅलर्जीही नाही. गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. काही जणांच्या शरीरात ती गेली की रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील बारीक उंचवटे झिजतात. मग मूल खाते, पण अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची, लोहाच्या गोळ्या देऊनही न हटणारा रक्तक्षय अशी लक्षणे दिसतात. काही मुलांना उलट बद्धकोष्ठता होते. कुपोषण, जंत, ‘हाडापेराने बारीकच आहे’ अशा नावांखाली हा आजार वर्षानुवर्षे झाकला जातो.

नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना १९३०च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथे पावाचा दुष्काळ पडला. पुरेसे अन्न नसतानाही या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध मांडला. तेव्हापासून आजतागायत उपचार एकच आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लुटेन बंद.

एक चूक मात्र हमखास होते. शंका आली की घरचे आधी गहू बंद करतात आणि मग तपासणीला जातात. ‘टीटीजी’ ही रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींचा निकाल मूल गहू खात असेल तरच विश्वासार्ह ठरतो. त्यामुळे तपासण्या पूर्ण होईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोळी बंद करू नये.

हा प्रश्न आपल्याकडे का वाढणार?

भारतातील तीन विभागांची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात या आजाराची प्रतिपिंडे आढळली. तिन्ही ठिकाणी आजाराला पोषक जनुके मात्र साधारण सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम.

मराठवाडा या दोन ताटांच्या मधोमध आहे आणि उत्तरेकडे सरकतो आहे. एकेकाळी पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर व्हायची. आता शिवारात सोयाबीन आणि हळद वाढली, ज्वारी आक्रसली, रेशनवर गहू मिळू लागला आणि पोळी रोजची झाली. भाकरी गरिबीची आणि पोळी सुस्थितीची, ही समजूतही त्यात आहेच. ज्या मुलाला भाकरीशिवाय पर्याय नाही, त्याला वर्गात नेमके तेच ऐकावे लागते.

गव्हाविना पाव फुगत का नाही?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने एकमेकांत गुंततात. एकामुळे कणीक ताणली जाते, दुसऱ्यामुळे ती पुन्हा आवळते. यीस्टमुळे तयार होणारा वायू या जाळ्यात फुग्यासारखा अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत प्रथिने असतात, पण ती असे जाळे विणत नाहीत. म्हणून भाकरीसाठी उकळते पाणी लागते. त्या उष्णतेने पिठातील स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरी थापण्यापुरती पकड मिळते. वायू धरून ठेवण्याइतकी ती नसते.

त्यामुळे ग्लुटेनमुक्त पावात जाळ्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. विकतच्या पावात त्यासाठी झँथन गम असतो, तर घरी इसबगोल चालते. पोट साफ होण्यासाठी मेडिकलमधून आणतो, तेच साधे, चवी-रंगाशिवायचे इसबगोल. ज्वारीचे आणि तांदळाचे पीठ प्रत्येकी १०० ग्रॅम, साबुदाण्याचे पीठ ५० ग्रॅम, इसबगोल १५ ग्रॅम, यीस्ट, थोडी साखर, मीठ, तेल आणि साधारण २७५ मिलिलिटर कोमट पाणी घ्यायचे. हे मळायचे नसते. घट्ट भज्याच्या पिठासारखे कालवून सरळ डब्यात ओतायचे, फुगू द्यायचे आणि ओव्हनमध्ये किंवा मीठ पसरलेल्या जाड कढईत झाकून भाजायचे. पहिला पाव बहुधा बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाण्याचा अंदाज येतो.

विकतचा पाव मागवण्यात पैशांपलीकडचीही अडचण आहे. ग्लुटेनमुक्त पाव नेहमीच्या पावापेक्षा लवकर वाळतो आणि चुरा होतो. म्हणूनच परदेशात तो अनेकदा गोठवून विकतात. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरने आलेला पाव मुलासमोर ठेवला आणि त्याने तो बाजूला सारला, तर दोष मुलाच्या नखऱ्यांना देता येत नाही.

भाकरी तर आहेच, मग अडले कुठे?

‘पाव कशाला हवा, भाकरी खा’ हा सल्ला देणारे बरेच असतात. तो चुकीचा नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही आणि सीलिअॅकच्या रुग्णांसाठी ज्वारीचे पदार्थ सुरक्षित असल्याचे इटलीतील २००७च्या अभ्यासात दिसून आले. शिवाय शेजारच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. जास्त लोह आणि जस्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये तिथूनच आले. आतडे झिजून रक्त कमी झालेल्या मुलासाठी याहून जवळचे धान्य कोणते?

पण ज्वारी निर्दोष असली तरी तिचे पीठ निर्दोष असतेच असे नाही. गल्लीतल्या गिरणीत आधीच्या माणसाचा गहू दळून होतो आणि त्याच जात्यात लगेच ज्वारी पडते. दगडांच्या फटीत, तोंडाला बांधलेल्या कापडात आणि खालच्या डब्यात गव्हाचे पीठ राहिलेले असते. समजा, दोन किलो ज्वारीत असे फक्त १० ग्रॅम, म्हणजे एखादा मोठा चमचा, गव्हाचे पीठ मिसळले. गव्हाच्या पिठात सुमारे ८ टक्के ग्लुटेन धरले तर ते ८०० मिलिग्रॅम झाले, म्हणजे किलोमागे ४०० मिलिग्रॅम. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘निव्वळ ज्वारीचे’ म्हणून घरी आणलेले पीठ मर्यादेच्या वीसपट!

त्या पिठाच्या दीडशे ग्रॅमच्या भाकरी दिवसभरात खाल्ल्या की पोटात ६० मिलिग्रॅम ग्लुटेन जाते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने जात राहिले तरी रुग्णाच्या आतड्याला इजा होते, हे संशोधनातून दिसले आहे. ‘गहू पूर्ण बंद आहे तरी पोराचे वजन का वाढत नाही,’ असे विचारणाऱ्या घरांनी औषध बदलण्याआधी गिरणीकडे पाहायला हवे. ग्लुटेनमुक्त पावाचा शोधही इथेच येऊन थांबतो, कारण घरच्या पावाचे पीठही त्याच गिरणीतून येते.

गहू आणखी कुठे लपतो?

हिंगात. वरणाच्या फोडणीत पडतो तो शुद्ध हिंग नसतो, बांधणीचा असतो, आणि बांधणीसाठी अनेकदा गव्हाचे पीठ किंवा मैदा वापरतात. काही कंपन्या तांदळाचे पीठ वापरतात. डबीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते कळत नाही. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. उन्हाळ्यात वाळवणाला केलेल्या कुरडया गव्हाच्याच चिकाच्या आणि शेवयाही गव्हाच्या. हुरडा चालतो, पण त्याच शेकोटीवर भाजलेल्या ओंब्या चालत नाहीत. दुधात घालायच्या अनेक पावडरींमध्ये जवाचे माल्ट असते. सुट्या फरसाणाला लेबलच नसते आणि कढईतल्या तेलात आधी समोसे तळलेले असतात.

सर्वात घातक गैरसमज खपली गव्हाचा. ‘जुना, देशी, पचायला हलका’ म्हणून तो सध्या जोरात विकला जातो. मधुमेहींनी त्याचे काय करायचे ते त्यांच्या डॉक्टरांना विचारावे, पण सीलिअॅकमध्ये खपली म्हणजे गहूच. त्यातही ग्लुटेन आहे.

दुसरीकडे, मदत करणारे एक फडताळ प्रत्येक किराणा दुकानात आहे आणि ते फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे उपवासाचे. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, शेंगदाण्याची चिक्की यांपैकी कशातच गहू नाही. नर्सी नामदेवच्या या जिल्ह्यात एकादशीचा फराळ मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. पीठ घेताना बंद पाकिटातले घ्यावे आणि लेबल वाचावे, एवढेच.

मुले खात का नाहीत?

चव हे एक कारण, वेगळेपणा हे दुसरे आणि अधिक मोठे. सात वर्षांच्या मुलाला आतड्याची झीज दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की वाढदिवसाचा केक सगळ्यांना मिळाला आणि आपल्याला नाही. नवा पदार्थ मुलाने स्वीकारावा यासाठी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता समोर यावा लागतो. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी आजी ‘पोराला उपाशी मारता का’ म्हणत पोळीचा तुकडा भरवते. त्या मायेतूनच आजार परततो. म्हणून पथ्य आईइतकेच आजीला आणि वर्गातल्या बाईंना समजावून सांगणे गरजेचे आहे.

पावाच्या बाबतीत व्यवहार असा, की रोज पावाची नक्कल करण्याचा अट्टहास नको. उडीद डाळीचे आंबवलेले पीठ वायू बऱ्यापैकी धरते. म्हणून ज्वारी-उडदाची इडली ताटलीत जाड थापून वाफवली, कापून तव्यावर तूप लावून भाजली, तर डब्यात ती पावाच्या बरीच जवळ जाते आणि दुपारपर्यंत मऊ राहते. धिरड्याचा रोल पोळीच्या रोलसारखाच दिसतो. खरा पाव पावभाजीच्या दिवशी, आणि तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तोच खावा. ताट एकच असले की मूल कुरकुरत नाही. तवा आणि पोळपाट मात्र वेगळे हवेत.

जिल्ह्यात काय करता येईल?

इटलीत सीलिअॅक रुग्णांना ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा सरकारी मदत मिळते. इंग्लंडमध्ये ग्लुटेनमुक्त पाव आणि पिठाची मिश्रणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू शकतात. हिंगोलीतून तेवढी मागणी लगेच पुरी होणार नाही, पण तिच्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. निदान झालेले मूल ज्या कार्डावर आहे, त्या कुटुंबाला रेशनवर गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी, ही मागणी अवाजवी नाही. २०२४ मध्ये जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. तिथे या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस आहारतज्ज्ञ बसला तरी नांदेडच्या किती खेपा वाचतील! शालेय पोषण आहारातील खिचडी तांदूळ-डाळीचीच असते. तिथे फक्त हिंगाची डबी आणि मसाल्याचे पाकीट तपासायचे आहे.

सर्वात आधी हवी ती गहू न दळणारी गिरणी. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव या पाचही तालुक्यांत प्रत्येकी एक. ज्यांना परवडते ते घरघंटी घेतात, पण तिची पाच आकडी किंमत शेतमजुराच्या आवाक्यातली नाही. महिला बचत गटांना हे काम जमण्यासारखे आहे. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. मोजक्या मुलांवर गिरणी चालणार नाही, हे खरे. पण ज्वारी, बाजरी, नाचणीचे पीठ हल्ली मधुमेही आणि वजन कमी करणारेही मागतात. गिऱ्हाईक तिथून येईल.

गिरणीवाल्यांना ही कल्पना नवीही नाही. हळदीच्या या जिल्ह्यात हळद आणि मिरचीची चक्की पिठाच्या चक्कीपासून वेगळीच असते, कारण तिखट लागलेली भाकरी कुणी खपवून घेत नाही. गव्हाचे पीठ लागलेली भाकरी चवीला कळत नाही, एवढाच फरक.