काढता आलं पाहिजे!

जुगाड करण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. पटत नसेल तर हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये एक चक्कर मारून या. खिडकीच्या गजाला बुटाच्या नाडीने बांधलेला मोबाइल, एम-सीलने कायमचा बसवलेला टेबल लॅम्प, भिंतीला डबल टेपने चिकटवलेला एक्स्टेन्शन बोर्ड. लावताना दोन मिनिटं लागतात. रूम सोडताना मात्र टेपबरोबर भिंतीचा पोपडा येतो आणि रेक्टरसर डिपॉझिटची आठवण करून देतात! वस्तू लावणं सोपं, मागे खूण न ठेवता काढणं अवघड. आपल्या शिक्षणात ‘लावणं’ भरपूर आहे, ‘काढणं’ जवळजवळ नाहीच, आणि ही मोठी उणीव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण जरा लांबचं घेतो, पण मामला आपल्याच वर्कशॉपमधला आहे. माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार. अमेरिकेत तिला मियाता म्हणतात. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पहिल्या पिढीतल्या गाड्या तिकडचे हौशी मालक अजून जिवापाड जपतात. पण त्या काळच्या गाडीत नकाशा दाखवणारा पडदा कुठून येणार? म्हणून घरच्या घरी टॅब्लेटचा स्टँड बनवायचा उद्योग सुरू झाला. त्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, डॅशबोर्ड कापा, फायबर आणि पुट्टी भरा, रंग मारा, टॅब्लेट आत कायमचा गाडून टाका. फोटोत एकदम झकास दिसतं. दुसरा म्हणतो, गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही आणि स्टँड हवा तेव्हा निघाला पाहिजे. दुसऱ्याला लोक ‘टेंपररी काम’ म्हणून नाक मुरडतात. खरं इंजिनिअरिंग मात्र त्यातच आहे.

मापंच घ्या. गाडीतल्या रेडिओचा आकार ठरलेला असतो : १८० बाय ५० मिलिमीटर, आणि ‘डबल डिन’ असेल तर १८० बाय १००. गूगलचा २०१२ सालचा नेक्सस ७ हा सात इंची टॅब्लेट १९८.५ बाय १२० मिलिमीटरचा, वजन ३४० ग्रॅम. म्हणजे रुंदीत साडेअठरा आणि उंचीत वीस मिलिमीटर जास्त. डबल डिनच्या खाचेतही तो मावत नाही. कापणारा इथे करवत काढतो. न कापणाऱ्याला डोकं चालवावं लागतं. रेडिओ काढून त्याच्या जागी, त्याच्याच स्क्रूंवर, एक रिकामी चौकट बसवायची. तिच्या तोंडावर ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी, आणि पट्टीवर टॅब्लेट खाचेच्या थोडा पुढे उभा. शेजारच्या कळा झाकल्या जाऊ नयेत, गिअर टाकताना हात अडू नये आणि रस्ता दिसायच्या आड काही येऊ नये, हे आधी पुठ्ठ्याचं मॉडेल करून बघायचं.

‘काढता येणारं म्हणजे खडखडणारं’ हा नेहमीचा आक्षेप. त्याचं उत्तर आपल्याच जिग्ज अँड फिक्श्चर्सच्या पुस्तकात आहे. थ्री-टू-वन! पाठीला तीन टेकू, तळाला दोन, बाजूला एक. सहा टेकू नीट जागी असतील आणि वरून एकच अंगठ्याने फिरवायचा स्क्रू त्यांच्यावर दाब ठेवत असेल, तर वस्तू हलायला जागाच उरत नाही. परीक्षेत आपण याची आकृती सुंदर काढतो, पण रूममधल्या लॅम्पला मात्र एम-सील लावतो.

आता लोड. खड्ड्यात तीन ‘जी’चा दणका धरला, तर ३४० ग्रॅमचा टॅब्लेट एक किलोसारखा ओढतो. तेवढं वेल्क्रोही सांभाळेल. पण जोराच्या धडकेत ४० जी धरले, तर तोच टॅब्लेट जवळपास साडेतेरा किलोचा होतो, आणि सुटला तर कुणाच्या तरी तोंडावर येतो. म्हणून टॅब्लेट धातूने किंवा स्क्रूने अडकलेला हवा, नुसता चिकटवलेला नाही. स्टँड एअरबॅगच्या वाटेत तर चुकूनही नको.

उन्हाचंही तेच. थ्रीडी प्रिंटरवर सगळ्यात सोपं पडतं ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे सहज जातो. सकाळी ताठ असलेला स्टँड दुपारी मान टाकतो. म्हणून एबीएस किंवा सरळ ॲल्युमिनियम. टॅब्लेटलाही ते ऊन मानवत नाही, त्यामुळे गाडी लावली की तो काढून नेणंच बरं. शिवाय टप कापडाचा असला की चोराला चाकू पुरतो. म्हणजे काढता येणं ही इथे चैन नाही, गरज आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे आयुष्य. गाडी तीस-तीस वर्षं चालते, टॅब्लेट पाच वर्षांत म्हातारा होतो. दोघांचं कायमचं लग्न लावलं की एकाबरोबर दुसराही जातो. मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर मधल्या मोठ्या पडद्यामागची मेमरी चिप लिहून लिहून झिजत होती, आणि पडदा गेला की मागचा कॅमेरा दिसेनासा होत होता. गंमत म्हणजे त्या गाड्यांत टेग्रा ३ हा प्रोसेसर होता, आणि आपल्या नेक्सस ७ मध्येही तोच! मियातावाल्याचा टॅब्लेट बिघडला तर तो एक स्क्रू फिरवून दुसरा लावतो. फार तर पट्टी नवी वाकवावी लागते. गाडी आहे तशीच राहते.

आता आपल्या घरात बघू. बीईचे प्रोजेक्ट आठवा. डेमोच्या आदल्या रात्री ग्लू गन, फेविक्विक आणि वेल्डिंगवर सगळं उभं राहतं. एक्स्टर्नल येतात, मोटर फिरते, मार्क पडतात. मग ते धूड स्टोअररूममध्ये जातं. आतली मोटर, बेअरिंग, कंट्रोलर चांगले असतात, पण काढायला गेलं की तुटतात. पुढची बॅच पुन्हा वर्गणी काढून तेच सामान आणते. याला आपण प्रोजेक्ट म्हणतो!

स्टाफला माझी एक नम्र सूचना आहे. व्हायवात ‘हे कसं चालतं?’ याच्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा : ‘आता हे खोलून दाखव आणि परत जोड.’ दहा मार्क त्याला ठेवा. मग डिझाइनच्या वेळीच पोरं विचार करतील, की स्पॅनर कुठून जाणार, कुठे वेल्ड आणि कुठे नट-बोल्ट, वायरला कनेक्टर हवा की नुसता सोल्डर. हो, काही ठिकाणी कायमचा जोडच योग्य असतो. चॅसीला कोणी वेल्क्रो लावायला सांगत नाही. पण कायमचं करायचं असेल तर ते विचार करून करावं, आळस म्हणून नको.

आणि मित्रांनो, तोपर्यंत सुरुवात रूमपासून करू. या सेमिस्टरला भिंतीवर काहीही लावण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, मे महिन्यात हे कसं निघणार? उत्तर सापडलं, तरच एम-सीलचं पाकीट उघडा.