परसबागेतील पक्षी : दाणा टाकावा की झाड लावावे?

ठाणे शहरातील खोपट हा भाग येऊरचे डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या दरम्यान वसलेला आहे. एस. टी.चे आगार, सिद्धेश्वर तलाव आणि दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती अशी आज त्याची ओळख सांगता येईल. कौलारू घर, पुढे अंगण व मागे परसू ही रचना आता तेथे क्वचितच दृष्टीस पडते. परसबाग वर चढून गच्चीवर आणि सज्जात गेली, आणि खाली उरली ती कुंपणालगतची हातभर रुंदीची पट्टी. तथापि जागा आकसली म्हणून पक्ष्यांसाठी घास काढून ठेवण्याची चाल आकसलेली नाही. खोपट म्हणजे झोपडे, आणि पक्ष्याच्या घरट्यालाही मराठीत खोपाच म्हणतात. तेव्हा या नावाच्या वस्तीत पाखरांची काळजी वाहिली जावी हे एका अर्थी उचितच होय.

प्रश्न आहे तो काळजी कोणत्या प्रकारे वाहावी याचा. सकाळी गच्चीवर मूठभर ज्वारी किंवा तांदूळ टाकला म्हणजे पक्ष्यांप्रत आपले कर्तव्य पुरे झाले, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आलेली आहे. कारण टाकलेल्या दाण्यावर कोण येते हे ज्याने चार दिवस लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. प्रथम पारवे येतात, मग आणखी पारवे येतात, आणि शेवटी केवळ पारवेच येतात.

दाण्याचा हिशेब

यामागील कारण पारव्याच्या शरीररचनेत आहे. बहुतेक लहान पक्षी स्वतः धान्य वा फळे खात असले तरी पिलांना किड्याअळ्यांवर वाढवितात. चिमणीचेच उदाहरण घेता येईल. मोठी चिमणी दाणे टिपते; परंतु अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांना ती प्रामुख्याने मऊ अळ्या व कीटक भरविते. परिसरात कीटक नसतील तर दाण्यांची रास घातली तरी चिमणीची पिले जगावयाची नाहीत. पारव्याची गोष्ट निराळी आहे. नर व मादी या दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा एक घट्ट स्राव तयार होतो आणि पहिले काही दिवस पिलांचे पोषण त्यावरच होते. म्हणजे पारव्याला वंशवाढीसाठी कीटकांची गरज नाही. बारमाही धान्य आणि अंडी घालण्यास एखादी कपार एवढे त्यास पुरते. मूळचा हा पक्षी कड्याकपारींत राहणारा. इमारतींचे छज्जे, वातानुकूलन यंत्रांमागील पोकळ्या आणि नळांच्या सांदी त्याला कड्याहून गैरसोयीच्या वाटण्याचे काहीच कारण नाही. त्यात रोजचा दाणा मिळू लागला म्हणजे तो वर्षातून अनेक वेळा अंडी घालतो. दाणा टाकणारा गृहस्थ मनाने सर्व पाखरांचा पोशिंदा असतो. प्रत्यक्षात तो एकाच पाखराची शेती करीत असतो.

या शेतीचे पीक काय येते हे मुंबईकरांनी नुकतेच अनुभवले आहे. जुलै २०२५ मध्ये तेथील कबुतरखाने बंद करण्याची मोहीम हाती घेण्यात आली, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आणि हा वाद उच्च न्यायालयात व त्याबरोबरच रस्त्यावरही पोहोचला. वाळलेल्या विष्ठेचा व पिसांचा धुरळा दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे वैद्यकशास्त्रास मान्य आहे. दुसऱ्या बाजूने मांडली जाणारी भूतदयेची भूमिकाही उपेक्षणीय नाही. मुक्या जीवाला घास देण्याची बुद्धी ही समाजाची ठेवच आहे. परंतु दया परिणामकारक व्हावयाची असेल तर तिला शास्त्राची जोड हवी. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात १९८८ ते १९९२ या काळात लोकांचे मन वळवून दाणा टाकणे कमी करविण्यात आले, तेव्हा तेथील पारव्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. आधी पारवे मारून ती कमी होत नव्हती, कारण मारलेल्यांची जागा नवी पिले भरून काढीत. अन्न कमी झाले की पक्षी अंडी कमी घालतो, हा निसर्गाचा साधा व्यवहार आहे.

याउलट, पक्षी धान्य खातो एवढ्याच कारणासाठी त्याच्यावर उठण्यातही शहाणपण नाही. चीनने १९५८ मध्ये उंदीर, माश्या व डास यांच्या जोडीला चिमणीलाही शत्रू ठरवून तिचा संहार आरंभिला. चिमण्या गेल्या आणि पिकांवरील किडी माजल्या. १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून वगळून तिच्या जागी ढेकणाचे नाव घालण्यात आले. शेतकऱ्याने व बागाईतदाराने लक्षात ठेवावा असा हा धडा आहे.

कोकणात नवान्नाच्या वेळी दाराला भाताच्या लोंब्या बांधण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने फार समंजस वाटते. चिमणीला लोंबीला लटकून दाणे टिपता येतात. जड अंगाच्या पारव्याला ते साधत नाही. ज्यांना दाणा द्यावयाचाच आहे त्यांनी अशी लोंबी वा नाचणीचे कणीस अधांतरी टांगावे. शेव, गाठी, पाव, बिस्किटे हे पदार्थ कोणत्याही पक्ष्यास घालू नयेत. हिवाळ्यात खाडीवर येणाऱ्या कुरव पक्ष्यांपुढे हौशी लोक शेवेच्या पुड्या रित्या करतात; हजारो कोसांवरून आलेल्या पाहुण्याचा हा पाहुणचार म्हणता येणार नाही.

काय लावावे

दाण्याऐवजी झाड लावावे हे या लेखाचे प्रतिपादन होय. झाड फळ देते, मध देते, सावली व घरट्यास जागा देते. आणि मुख्य म्हणजे ते कीटक पोसते, की ज्यांच्यावाचून पिले वाढत नाहीत. कोणत्याही दुकानात न मिळणारा हा चारा फक्त झाडावरच मिळतो.

सज्जात दोनच कुंड्या ठेवण्यास जागा असेल तर एक एकेरी पाकळ्यांच्या जास्वंदीची व दुसरी कढीलिंबाची असावी. जास्वंदीवर शिंजीर मधासाठी येतो आणि पानांवरील बारीक किडे व कोळीही टिपतो. कढीलिंबाची काळी पिकली फळे बुलबुलास प्रिय आहेत. मात्र त्यासाठी पानांच्या मोहाने झाडाचे सारे शेंडे वरचेवर खुडू नयेत व निदान एखादी फांदी फुलू द्यावी. गच्चीवर मोठे पिंप वा वाफा करता येत असेल तर तुती लावावी. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे छाट कलम ओलसर मातीत खोचले की ते सहज रुजते. एखाद्या कोपऱ्यातील गवत बी धरेपर्यंत कापू नये; ठिपकेवाली मनोली त्या बियांवर येते.

इमारतीच्या आवारात जमीन उपलब्ध असेल तर शेवगा हे प्रथम पसंतीचे झाड मानावे. त्याच्या शेंगा घरात जातात, फुले शिंजिरास व मधमाश्यांस मिळतात, आणि त्याच्या मऊ वाळक्या फांदीत तांबट ढोली कोरतो. ‘टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी आवाज दुपारभर काढणारा, पोपटी अंगाचा, कपाळी लाल टिळ्याचा हा पक्षी खोपटसारख्या दाट वस्तीतही टिकून आहे, तो उंबर, वड व पिंपळ यांच्या फळांवर. म्हणून धोकादायक नसलेली वाळकी फांदी केवळ नीटनेटकेपणासाठी तोडू नये. शहरातील वृक्षतोडीस व छाटणीस १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमान्वये परवानगी लागते, याचेही स्मरण असावे. जलद वाढ व जवळजवळ बारमाही फळ हवे असल्यास सिंगापूर चेरी लावावी. घाणेरीवर पक्षी येतात हे खरे असले तरी ती लावू नये. पक्ष्यांवाटे तिचे बी येऊरच्या जंगलात जाते, व तेथे तिने आधीच पुष्कळ जागा बळकावली आहे.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की विषारी औषध फवारण्याची घाई केली जाते. तसे करणे म्हणजे पक्ष्याच्या ताटात विष कालविण्यासारखेच आहे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून घ्यावी व त्यात किंचित साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावी. बाग लहान असल्यास कीड लागलेला शेंडा खुडून नष्ट करणे याहूनही सोपे. थोडी कीड शिल्लक राहिली तर राहू द्यावी. शिंपी आणि दयाळ यांचे ते अन्न आहे.

पाण्याची गरज मार्च ते मे या महिन्यांत दाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. मातीचे पसरट भांडे सावलीत, मांजराची झेप पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. पाणी दोन बोटांहून खोल नसावे व मध्ये एक खडबडीत दगड असावा. भांडे रोज रिकामे करून घासावे. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस घेतो. रोज पाणी बदलल्यास त्यास संधीच मिळत नाही. ज्यांनी परसात चार कोंबड्या पाळल्या असतील त्यांनी हे भांडे खुराड्यापासून दूर ठेवावे. शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्ल्यूचा शिरकाव झाला होता. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पक्षी आले की काही उपद्रवही येणारच. पोपट पेरू अर्धा खाऊन टाकून देतात. त्यावर फळांना कापडी पिशव्या बांधणे हाच उपाय आहे, पोपट पकडून पिंजऱ्यात घालणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी भिंतीच्या भेगेत रुजते. रोप दोन-चार पानांचे असतानाच मुळासकट काढले तर भिंत वाचते, वर्षभर थांबले तर वाचत नाही. फुलटोचा हा चिमुकला पक्षी बांडगुळाची फळे खातो व चिकट बी फांदीवर पुसतो. आंब्यावर बांडगूळ दिसताच, ते जेथे चिकटले असेल त्याच्या खालपासून फांदी कापून काढावी. नुसते बांडगूळ ओरबाडल्यास ते पुन्हा फुटते.

निरीक्षण

पक्षी पाहणे ही फावल्या वेळची करमणूक आहे असे मानणाऱ्यांनी किहीमची हकिकत जाणून घ्यावी. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे, राहत्या घराजवळच्या झाडावरील सुगरणींच्या वसाहतीचे दिवसचे दिवस निरीक्षण केले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडल्यास आत बस्तान मांडते. मग नर तो पुरा करून दुसऱ्या खोप्याच्या उद्योगाला लागतो, हा सुगरणीचा संसार त्यांनी पुढील वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्यासाठी लागली ती शिडी, आडोसा, वही आणि चिकाटी.

खोपटमधील गृहिणीस वा विद्यार्थ्यास एवढेही नको. सज्जात बसून सकाळी पंधरा मिनिटे पाहावे व वहीत तारीख, वेळ, पक्षी, संख्या आणि तो काय करीत होता हे टिपावे. कोकिळ पहिल्यांदा कोणत्या तारखेस बोलला, शेतकऱ्यास ‘पेरते व्हा’ म्हणून सांगणारा पावशा ऐकू आला की नाही, तुतीवर प्रथम कोण उतरले, दाणा बंद केल्यावर पारवे किती आठवड्यांनी कमी झाले, अशा नोंदी दोन-तीन वर्षे सलग ठेवल्यास त्यांचे मोल फार मोठे ठरते. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस परसदारच्या पक्ष्यांची जगभर गणना होते. तीत भारतातील पक्षिप्रेमी २०१३ पासून भाग घेत आहेत. अशी वही ठेवणाऱ्याने तीत अवश्य सामील व्हावे.

चिमणीसाठी लाकडी पेटी टांगावयाची असल्यास तिचे भोक सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाचे ठेवावे, म्हणजे साळुंकीचा शिरकाव होत नाही. घरटे सापडल्यास छायाचित्रासाठी फांद्या बाजूला सारू नयेत; आडोसा गेला की कावळ्याची नजर लगेच पडते. शिंजीर पुष्कळदा सज्जातील दोरीवरच आपले कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेले लोंबते घरटे बांधतो. तसे झाल्यास पिले उडून जाईपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, घरच्या मंडळींनी कपडे दुसऱ्या दोरीवर वाळत घालावेत.