सुळेभावीची बस आणि सुळेभावीचा गवई

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी-बाळेकुंद्री मार्गावरील बसमध्ये तिकिटाच्या निमित्ताने मराठी-कन्नड असा वाद पेटला आणि वाहकाला मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसचालकाला काळे फासले गेले. ही बातमी वाचली तेव्हा निपाणीतील माझ्या खोलीत कुमार गंधर्वांनी गायिलेले तुकोबांचे अभंग चालू होते. सुळेभावी हे नाव दिसले आणि कुंचला खाली ठेवावा लागला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच आपले कुमार, ८ एप्रिल १९२४ रोजी याच सुळेभावीत, कन्नडभाषक घरात जन्मले.

आदल्याच वर्षी त्यांची जन्मशताब्दी झाली. 'आपले कुमार' असे मी वर सहज लिहून गेलो. आपण सारेच ते सहज म्हणतो. त्या 'आपले'चा हिशेब आता मांडला पाहिजे.

'संगीताला भाषा नसते' हे वाक्य आपल्याकडच्या मैफलींच्या प्रास्ताविकात हटकून येते. ते खोटे आहे. शिवाय सोयीचे आहे, कारण ते म्हटले की समोरच्याची भाषा शिकण्याचे कष्ट वाचतात. कुमारांचे अभंग पुन्हा ऐकावेत. क्षयाने एक फुप्फुस निकामी केलेला हा गवई आखूड आखूड श्वासांत गातो, पण आघात पडतो तो नेमका अर्थाच्या शब्दावर. अर्थ उमगल्यावाचून हे साधत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे. मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकले, पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्यापाशी बसले, आणि ख्यालाबरोबर वचनेही गात राहिले. गदगचे भीमसेन एका गळ्याने आपली अभंगवाणी गायिले, दुसऱ्या मैफलीत दासरपदे. कुमारांना वा भीमसेनांना कोणी बसमध्ये गाठून मराठी शिकवलेली नाही.

आणि आपण? तीन-तीन, चार-चार पिढ्या या मातीत राहून बसवण्णांचे एक वचन अर्थासह किती घरांत म्हणता येते? इतरांना कशाला विचारू? मी चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कन्नड अक्षराच्या डोक्यावरचा तलकट्टू प्रत्येक अक्षरावर सुटा बसतो, आपली शिरोरेषा मात्र सबंध शब्दाला एका दोरीत ओवते, हे मला हातानेच ठाऊक आहे. परंतु कितीतरी वर्षे मी ती अक्षरे केवळ चित्र म्हणून काढली. काय लिहिले आहे ते गिऱ्हाईकाने सांगितले तेवढेच. याची मला लाज वाटते.

'मग अन्याय कोणावर होतो आहे?' असे विचारले जाईल. होतोच आहे. २०२४ च्या कायद्याने फलकावरील ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, तीही वरची. पाच फूट उंचीच्या पाटीत उरलेल्या दोन फुटांत मराठी आणि इंग्रजी कशी कोंबायची, हे मला विचारावे! घटनेच्या ३५०-अ कलमाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे राज्याचे काम ठरवले आहे. अल्पसंख्य भाषकांची वस्ती लक्षणीय असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच मान्य केले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही दोन दशके उलटून गेली. यातील एकही मागणी मी तसूभर सोडणार नाही. पण ही भांडणे शासनाशी आहेत. तिकिटाची पेटी सांभाळणारा पगारी माणूस म्हणजे विधानसौध नव्हे, जसा काळे फासला गेलेला तो चालक म्हणजे मंत्रालय नव्हता. ज्या हातांनी आपण कार्यालयात मराठी कागद मागतो, त्याच हातांनी वाहकाची गचांडी धरली, तर आपला अर्ज फेटाळायला समोरच्याला आयते कारण मिळते.

आपल्या मंडळाच्या पुढील वार्षिक मैफलीत अभंगांच्या आधी एक कन्नड वचन मराठी अर्थासह म्हटले जावे, असा ठराव मी लेखी दिला आहे. 'आज एक वचन, उद्या सगळेच कन्नडमध्ये होईल,' ही हरकत पहिल्याच दिवशी आली. हरकत घेणारे गृहस्थ माझे जुने स्नेही. त्यांच्या दिवाणखान्यात भीमसेनांच्या दासरपदांची ध्वनिफीत आहे. दर आषाढीला आम्ही दोघे ती ऐकतो, आणि चहा येईपर्यंत दोघांपैकी कोणीही बोलत नाही.