वायफायचा पासवर्ड आणि घराचं नाव



कुणी वायफायचा पासवर्ड मागितला की नाही म्हणायला आपल्याला जड जातं. शेजारची मुलं, वरचे भाडेकरू, दोन दिवस आलेले पाहुणे, सगळ्यांना तो पाठ. वर आपणच म्हणतो, "अनलिमिटेड प्लॅन आहे, आपलं काय जातं?" माझं मत असं की पैसे जात नाहीत, पण नाव जाऊ शकतं.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. पोलिसांनी माग काढला, तर तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थांची चौकशी झाली. ईमेल त्यांनी पाठवलाच नव्हता, त्यांचं वायफाय दुसऱ्यांनी वापरलं होतं. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं.

कारण साधं आहे. आपल्या वायफायवर दहा फोन चालले, तरी कंपनीच्या नोंदीत ते एकाच खात्यावर दिसतात, बिल ज्याच्या नावावर त्याच्या. मी कॉमर्सची, म्हणून सांगते: हा सही करून दिलेला कोरा चेक आहे. कराडच्या पेठांमध्ये तर घराला घर लागून. वायफायला भिंत अडवत नाही, रस्त्यावरही ते मिळतं.

दुसरी बाजूही बघू. शेजाऱ्याचं वायफाय न विचारता वापरणं म्हणजे न दिलेलं घेणं, अदत्तादानच. अचौर्य अणुव्रत काही दागिन्यांपुरतं नाही. हे नातवंडांना घरातच सांगायला हवं.

मुलगा पुण्याहून येईल तेव्हा बघेल, म्हणून थांबू नका. कनेक्शन जोडणाऱ्या माणसाला बोलवा आणि समोर बसून करून घ्या. राउटरच्या स्टिकरवरचा पासवर्ड बदला. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस बंद करा. वायफायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको, पासवर्डमध्ये नातवाची जन्मतारीख नको. पासवर्ड लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी चालतील. सोय असेल तर पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' नेटवर्क सुरू करा. पाहुणचार होतो आणि घरचा पासवर्ड घरातच राहतो.

महिन्यातून एकदा जोडलेल्या फोनची यादी बघा. दुधाचा हिशेब बघतो तसंच ते. अनोळखी नाव दिसलं की पासवर्ड बदलायचा.

आणि कुणी रुसलं तर रुसू दे. घराची किल्ली आपण गल्लीभर वाटत नाही, म्हणून कुणी आपल्याला कंजूष म्हणतं का?