काऊने दार वाजवलं, पण कसं?

लिफ्ट पुन्हा बंद आहे. तिच्यावर मी आजवर पुरेसं रडलोय, म्हणून आज नाही. पण लिफ्ट बंद पडली की अख्खी सोसायटी जिन्यात थबकते आणि फुकटच्या सल्ल्यांना ऊत येतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचा चार वर्षांचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर. त्याला गोष्टी सांगता याव्यात म्हणून त्या सध्या खुणांची भाषा शिकताहेत. हे जिन्यात कळलं मात्र, सेक्रेटरी म्हणाले, "अगं पोरी, हात हलवायची सवय लावलीस तर हा बोलणार कधी?" एवढं सांगायला त्यांनी भाजीची पिशवी आधी खाली ठेवली. हात मोकळे असल्याशिवाय सेक्रेटरींना बोलताच येत नाही, हे वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही विचारा.

बहुतेक कर्णबधिर मुलांच्या आईबापांना ऐकू येतं. अमेरिकेत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे ही भाषा आईलाही नवीनच. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठातल्या डेव्हिड श्लेपर यांनी कर्णबधिर माणसं मुलांना पुस्तक कसं वाचून दाखवतात त्यावरून १५ सूत्रं मांडली. तिथले कर्णबधिर शिक्षक घरी येऊन आईबापांना हे शिकवत. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी केंद्राचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश २०२१ साली १०,००० शब्दांवर गेला.

पण कोश उघडून गोष्ट थोडीच सांगता येते? पुस्तक धरायचं कुठल्या हाताने, इथून सुरुवात. पुस्तकही दिसायला हवं, हातही दिसायला हवेत. पोराचे डोळे चित्रावर असले तर ते वर येईपर्यंत थांबायचं. सूनबाईंच्या सासूबाईंनी पारायणाचं लाकडी स्टँड काढून दिलं. पोथी सध्या उशीवर.

खरी पंचाईत काऊ-चिऊची. ती सगळी गोष्टच आवाजावर चालते. काऊ बाहेरून हाका मारतो, दार ठोठावतो, चिऊ आतून सबबी सांगते. इथे त्या सूत्रांतलं एक कामी येतं : पुस्तकातल्या वाक्यांना बांधून घेऊ नका. सूनबाईंनी काऊला बेल दिली. कर्णबधिरांच्या घरी बेल दाबली की दिवा लागतो, तशी. काऊ आला की त्या खोलीतल्या दिव्याचं बटण दाबतात.

रविवारी मी चहाला गेलो तेव्हा प्रयोग पाहिला. भिजलेल्या काऊचं तोंड सूनबाईंनी असं केलं की आमच्या हौशी नाटकवाल्यांनी शिकवणी लावावी. दिवा लुकलुकला. पोरगा उठला आणि त्याने सरळ जाऊन दार उघडलं. चिऊला बाळाची तीटपावडर करायला वेळच मिळाला नाही; गोष्ट दोन मिनिटांत आटोपली.

आता काऊ आत आल्यावर काय, हा पेच आहे. आमच्या लहानपणी त्याला तापल्या तव्यावर बसवायचे. सासूबाईंनी तेवढं सुचवून पाहिलं. पोराने आधीच काऊसाठी टॉवेल आणला होता.