वणव्याचा सराव हवाच



वणव्यात वस्ती रिकामी करण्याचा सराव हा निव्वळ देखावा असतो, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. त्यांनी दिलेला कॅलिफोर्नियातील पॅरडाइझचा दाखला खरा आहे. त्या गावाचा आराखडा तयार होता, तरी 8 नोव्हेंबर 2018 च्या वणव्यात 85 माणसे गेली. पण आराखडा एकेक विभाग पाळीपाळीने हलवण्याचा होता आणि आग सगळीकडे एकदमच आली. मृतांत बहुतेक वृद्ध होते. मग सराव बंद करायचा, की वृद्धांना धरून करायचा?

आमच्या ओकलंडच्या टेकड्यांवर 1991 च्या वणव्यात 25 जण गेले, त्यांतले कित्येक अरुंद रस्त्यांवर अडकून. इथल्या सरावात मी भाग घेतला. वीज नसताना गॅरेजचे दार हाताने उचलणे शेजारच्या आजींना झेपत नाही, हे गल्लीला त्या सकाळी कळले. 2017 च्या वणव्यांनंतर राज्याने विजेवर उघडणाऱ्या नव्या दारांना बॅटरी सक्तीची केली. जुनी दारे तशीच आहेत. आता आजींना कुणाच्या गाडीतून न्यायचे, ते ठरले आहे. पुढचा सराव रात्री घ्यावा, अशी आमची मागणी आहे.

— एक वाचक, ओकलंड, कॅलिफोर्निया